कासूच्या अंगणातलं शेवाळ

पेणहून रोह्याकडे निघालेली गाडी पहिली थांबते ती कासूला. शेजारून मुंबई–गोवा महामार्ग जातो, पश्चिमेला धरमतर खाडीच्या बाजूला खारजमीन आणि भातखाचरं, पूर्वेला डोंगर. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. पुढचे आठ महिने आभाळ कोरडं. या पट्ट्यात बागेत शेवाळ राखायचं तर पावसाइतकाच विचार या आठ महिन्यांचा करावा लागतो, आणि बहुतेकांचं गणित चुकतं ते इथेच.

शेवाळाची बाग म्हटलं की जपानमधल्या क्योतोचं साइहो-जी मंदिर डोळ्यांपुढे येतं. मुसो सोसेकी या झेन भिक्षूनं १३३९ साली ती बाग नव्यानं घडवली. आज तिथे शेवाळाच्या सुमारे १२० जाती आहेत. पण शेवाळ त्यानं लावलेलं नव्हतं. पुढच्या शतकांत देखभालीला पैसा उरला नाही, बाग दुर्लक्षित राहिली आणि सावलीतल्या ओल्या जमिनीवर ते आपोआप पसरलं. क्योतोत पाऊस पडतो कासूच्या निम्मा, सुमारे दीड हजार मिलिमीटर, पण तो बारा महिन्यांत वाटून पडतो. म्हणून तिथली बाग वर्षभर हिरवी असते. आपल्याकडे तसं होणार नाही, आणि तसा हट्टही धरू नये. आपलं शेवाळ दिवाळीनंतर हळूहळू तपकिरी पडतं, वैशाखात काळपट होतं आणि मृगाच्या पहिल्या सरीला पुन्हा हिरवं होतं. कोकणात शेवाळाची बाग करायची ती हे चक्र मान्य करून.

आधी शेवाळ कोणतं आणि काय नाही, हे नीट पाहू. पावसाळ्यात पाखाडीवर, न्हाणीच्या दगडावर पाय घसरतो, तेव्हा आपण शेवाळाला दोष देतो. तो बुळबुळीत थर बहुतेक वेळा शैवालांचा किंवा नील-हरित जिवाणूंचा असतो. त्याला ना खोड, ना पानं. बोटानं खरवडलं तर नुसता चिकट लगदा हाती येतो. माडाच्या बुंध्यावर किंवा जुन्या चुन्याच्या भिंतीवर केशरी मखमल चढते, तेही ट्रेंटेपोलिया नावाचं शैवाल. आहे हिरव्या शैवालांपैकीच, पण केशरी रंगद्रव्याखाली त्याचं हिरवेपण झाकलं जातं. पोफळीच्या खोडावरचे पांढरे-करडे चट्टे दगडफुलाच्या गणगोतातले, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. घाटातल्या दरडीवर पावसाळ्यात नाजूक खवल्यांची हिरवळ लोंबते, ती पुष्कळदा सेलाजिनेला असते. तिच्या अंगात पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या असतात, तेव्हा ती नेच्यांच्या जवळची.

खऱ्या शेवाळाला, ज्याला वनस्पतिशास्त्राच्या मराठी पुस्तकांत हरिता म्हणतात, इवलंसं खोड असतं आणि त्याभोवती चिमुकली पानं असतात. मुळं नसतात. मुळांसारखे दिसणारे तपकिरी धागे फक्त धरून ठेवण्याच्या कामाचे. पाणी वर चढवायला नळ्यांची व्यवस्था जवळपास नसतेच. पान बहुधा एकाच पेशीच्या जाडीचं, आणि पाणी प्यायचं ते सगळ्या अंगानं. जगात हरितांच्या बारा हजारांच्या आसपास जाती आहेत.

एकदा ही रचना लक्षात आली की शेवाळाचं वागणं आपोआप उलगडतं. मुळं नाहीत, म्हणून खालच्या मातीत खत घालून उपयोग शून्य. पानावर मेणाचा जाड थर नाही, म्हणून ऊन पडताच पाणी उडून जातं. पण वडा-आंब्याची पानं सुकली की मरतात, तसं हे मरत नाही. बहुतेक शेवाळं पेशीतलं जवळपास सगळं पाणी गमावूनही तग धरतात: काम थांबवतात, पेशींच्या पडद्यांना सांभाळणाऱ्या साखरा आणि प्रथिनं तयार ठेवतात आणि पाण्याची वाट पाहतात. पाणी मिळालं की पहिल्या काही मिनिटांत पेशी फुगतात, श्वसन सुरू होतं आणि मोडतोड दुरुस्त होऊ लागते. अन्न तयार होण्याचं काम पूर्ण वेगानं चालू व्हायला मात्र वेळ लागतो. म्हणजे जागं होताना शेवाळ आधी साठ्यातलं खर्च करतं आणि कमाई नंतर सुरू होते.

मार्चमध्ये तपकिरी पडलेलं शेवाळ पाहून कळवळ्यानं रोज सकाळी फवारा मारणारे लोक त्याला मारतात ते याच कारणानं. फवारा मारला, शेवाळ जागं झालं, साठा खर्ची पडला आणि कमाई सुरू व्हायच्या आत दहाच्या उन्हानं पुन्हा वाळलं. रोज असं झालं की महिन्याभरात साठा संपतो. तेव्हा दोनच मार्ग आहेत. दाट सावलीत, विहिरीच्या किंवा मोरीच्या कायम ओल्या जागी त्याला सलग ओलं ठेवा. नाही तर पूर्ण सुकू द्या आणि जूनपर्यंत हात लावू नका. अधलंमधलं काही नको. माझ्या मते कोकणात शेवाळाविषयी एवढी एक गोष्ट पक्की धरली तरी निम्मं काम झालं.

ओळखायला लागतं काय? सराफाकडे असतं तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग, पाण्याची फवारणी बाटली आणि गुडघ्यावर बसायची तयारी. भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि शेवाळ भिंगाजवळ आणायचं. पहिला प्रश्न: ते उभं वाढतंय की आडवं सरपटतंय? उभ्या वाढणाऱ्यांचे गच्च पुंजके होतात आणि बीजाणूंची बोंडी काडीच्या टोकावर, थेट शेंड्यातून निघते. आडव्यांना फांद्या फुटतात, त्यांची चटई होते आणि बोंड्या फांद्यांच्या कडेनं येतात. दुसरा प्रश्न: पानाला मधली शीर आहे का, आणि ती टोकाबाहेर येते का? तिसरा: बोंडी ताठ आहे की खाली झुकलेली? आणि सगळ्यांत उपयोगी प्रश्न: ते कशावर वाढलंय?

कारण शेवाळाची जात जागेवरूनच निम्मी ओळखू येते. कोकणातल्या घराभोवती एक चक्कर मारू. सिमेंटच्या कुंपणभिंतीवर, जोत्याच्या दगडावर, जुन्या टाकीच्या कडेला काळपट हिरवे, बुटके पुंजके असतात, ते बहुधा हायोफिला इन्व्हॉल्युटा. मे महिन्यात याचा एक कोरडा पुंजका घेऊन भिंगाखाली धरा. प्रत्येक पानाच्या दोन्ही कडा आत वळून त्याची नळी झालेली असते, आणि नळ्या एकमेकींना बिलगून शेंड्याशी मिटलेल्या असतात. आता बोटाच्या टोकावरून पाण्याचा एक थेंब त्यावर सोडा. डोळ्यांदेखत नळ्या उलगडतात, पानं बाहेर झुकतात आणि काळपट टोकाच्या जागी हिरवा तारा उभा राहतो. मुलांना शेवाळ दाखवायचं तर सुरुवात यापासून करावी. हायोफिलाला चुनखडीचं वावडं नाही, म्हणून ते सिमेंटवर सुखानं नांदतं; मात्र सिमेंट नवं, कोरं असेपर्यंत त्याचा खार कुणालाच सोसत नाही. काही पावसाळे खाल्लेली भिंत हवी.

फरसबंदीच्या सांध्यांत, गच्चीच्या कोपऱ्यात, रेल्वेच्या फलाटाच्या कडेला रुपेरी झाक असलेलं शेवाळ दिसलं तर ते ब्रायम अर्जेंटियम. शेंड्याकडच्या पानांच्या टोकांत हरितद्रव्य नसतं, म्हणून ती चमक. शहरी धूळ, तुडवणं, ऊन असं सगळं सोसणारं हे शेवाळ अंटार्क्टिकापासून मुंबईपर्यंत सापडतं. त्याचा भाऊबंद ब्रायम कोरोनॅटम कौलांवर आणि मातीच्या भिंतींवर येतो. लालसर काडीवर खाली लोंबणारी बोंडी ही त्याची खूण.

विहिरीच्या आतल्या कडांवर, वळचणीखालच्या सावलीतल्या मातीवर फिसिडेन्स शोधा. याची पानं खोडाच्या दोनच बाजूंना, एका पातळीत, पिसासारखी लागलेली असतात, आणि प्रत्येक पान तळाशी दुभंगून पुढच्या पानाला कवेत घेतं. ही खूण एकदा पाहिली की फिसिडेन्स पुन्हा चुकत नाही. पाझरत्या कातळावर पोपटी-पिवळट, पाण्याचे थेंब अंगावर धरून उभं असतं ते फिलोनोटिस.

आता झाडांकडे वळू. माडाच्या बुंध्यावर जुन्या झावळ्यांच्या वळ्यांत पांढुरकं, जाडसर शेवाळ दिसतं: ऑक्टोब्लेफॅरम अल्बिडम. याचं पान अपवादानं अनेक थरांचं असतं. हिरव्या पेशी आत, आणि वर-खाली रिकाम्या मृत पेशी पाणी साठवायला. रंग फिका पडतो तो त्या रिकाम्या पेशींमुळे. त्याच्या शेजारी कॅलिम्पेरिस असेल, तर त्याच्या काही पानांच्या टोकांवर भिंगातून बारीक कणांचा झुपका दिसेल. ते कण गळून पडतात आणि त्यांतून नवं रोप उगवतं. फलनाची, बीजाणूंची गरजच नाही. आंब्याच्या खोडाला चपटं चिकटून वाढणारं एर्पोडियम मँगिफेरी तर आंब्याच्याच शास्त्रीय नावानं ओळखलं जातं.

भाताच्या बांधावर, पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या मातीवर, दोन-दोन फाटे फुटत गेलेल्या हिरव्या पट्ट्यांची वर्तुळं जमिनीला चिकटलेली दिसतात. ही रिक्सिया. ती हरितांच्या चुलत घराण्यातली, यकृतकांपैकी. रोपवाटिकेतून आणलेल्या कुंडीत चपट्या हिरव्या पट्ट्यांवर छोटे पेले दिसले तर तो मार्केन्शिया. पेल्यात हिरव्या टिकल्या असतात आणि पावसाचा थेंब आत पडला की त्या दूर उडतात. जुन्या जोत्याच्या अंधाऱ्या फटीत पोपटी चकाकी दिसली तर बहुधा सायथोडियम असतं.

फ्युनेरिया हायग्रोमेट्रिका जगभर जळक्या जमिनीवर येतं. शेकोटी झालेल्या, पालापाचोळा जाळलेल्या जागा त्यासाठी पाहाव्यात. खंडाळा-महाबळेश्वरच्या बाजूला हे शेवाळ मुबलक. त्याची पिकलेली बोंडी काडीवर वाकून असते. कोरड्या दिवशी ती काडी पिळलेली असते. तिच्यावर तोंडानं हलकेच वाफ सोडा: काडी पीळ सोडत फिरते आणि बोंडीही तिच्याबरोबर फिरते. बोंडीचं झाकण गळलेलं असेल तर तोंडाशी दातांच्या दोन रांगा दिसतात, प्रत्येक रांगेत सोळा. हवेतला ओलावा बदलेल तसे हे दात हलतात, आणि बीजाणू कोरड्या हवेत थोडे थोडे करून सुटतात.

आता लावण. माझा आवडता मार्ग सर्वांत स्वस्त आहे: आपल्याच घराच्या ज्या भागातून शेवाळ काढावंच लागणार आहे, तेच घ्यायचं. पावसाआधी कौलं चाळताना, गच्चीची पन्हळ साफ करताना, भिंत घासताना जे कोरडं शेवाळ खाली पडतं ते कागदी पिशवीत भरून सावलीत ठेवा. शेवाळाच्या पानाच्या तुकड्यातूनही नवं रोप फुटू शकतं, म्हणून ते हातानं चुरगाळून भरड करायचं. जपानात शेवाळाची शेती करणारे असाच कोरडा चुरा पसरतात. जूनमध्ये पाऊस स्थिरावला की जागा खरवडून, तण काढून, ओली करून त्यावर चुरा पसरा आणि हाताच्या तळव्यानं दाबा. पागोळ्या थेट पडतील अशी जागा टाळा, नाहीतर पहिल्याच रात्री सगळं वाहून जाईल. कांद्याच्या जाळीदार गोणीचा तुकडा वर अंथरून कडेला दगड ठेवले की पुरतं. दोनेक आठवड्यांत मातीवर हिरव्या धाग्यांची विरळ जाळी दिसते. हे शैवाल आलं, असं समजून लोक ते धुऊन टाकतात. तसं करू नका. शेवाळाचं बालपण असंच धाग्यांचं असतं. त्या धाग्यांवर अंकुर येतात आणि पावसाळा सरता सरता बुटके कोंब दिसू लागतात.

अट एकच: ज्या पायावरून घेतलं त्याच जातीच्या पायावर लावा. सिमेंटवरचं सिमेंटवर, दगडावरचं दगडावर, मातीवरचं मातीवर. माडावरचं शेवाळ जमिनीवर लावलं तर जगत नाही. दक्षिणेकडून येणारा जांभा चिरा यासाठी उत्तम, कारण त्याच्या छिद्रांत पाणी मुरतं आणि टिकतं. सावलीत ठेवलेला मातीचा जुना माठ, फुटकं कौल, गडग्याची उत्तरेकडची बाजू, ही सगळी चांगली ठिकाणं. शेवाळावर ताक किंवा दही फासण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतो. आपल्या दमट हवेत त्यावर आधी बुरशी येते. नुसतं पावसाचं पाणी पुरे.

पाणी हा कासूसारख्या गावात खरा नाजूक विषय. खाडीच्या बाजूच्या विहिरी-बोअरचं पाणी मचूळ असतं, आणि शेवाळ पाणी सगळ्या अंगानं पीत असल्यामुळे त्यातलं मीठ थेट पानांवर साचतं. पाणी उडून जातं, मीठ तिथेच राहतं आणि पानांची टोकं पांढरी पडून करपतात. शेवाळ ओलं ठेवायचं असेल तर सप्टेंबरच्या सरी पिंपात धरून ठेवाव्यात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते रात्रभर उघडं ठेवून वापरावं.

धातूही तसेच बाधतात. जस्त चढवलेल्या पत्र्यावरून पाणी ओघळतं त्या पट्ट्यात भिंतीवर शेवाळ धरत नाही, कारण त्या पाण्यात जस्त उतरतं. पोफळीवर कोळेरोगासाठी मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारतात. त्यातलं तांबं खाली ठिबकलं की बुंध्याजवळचं शेवाळ जातं. सगळ्या अंगानं शोषून घेण्याच्या याच गुणाचा शास्त्रज्ञांनी उपयोगही करून घेतला. १९६० च्या दशकाच्या शेवटी स्वीडनमध्ये शेवाळातले शिसं, कॅडमियमसारखे धातू मोजून हवेचं प्रदूषण तपासायची पद्धत सुरू झाली, आणि पुढे ती युरोपभर पसरली. महामार्गालगतच्या आंब्यावरचं शेवाळही हवेतली धूळ अशीच साठवत असतं.

काही जागी ते नकोच. पाखाडी, विहिरीची पायरी, न्हाणी, म्हाताऱ्या माणसांच्या ये-जा करायच्या वाटा स्वच्छ घासलेल्याच बऱ्या. तिथला निसरडा थर आणि शेवाळ दोन्ही काढावं. स्लॅबच्या गच्चीवर पाण्याच्या निचऱ्याचं तोंड शेवाळाच्या गुठळीनं तुंबतं, तेही साफ ठेवावं. पण अंगणाचा गडगा, जोत्याची बाहेरची बाजू, झाडांचे बुंधे यांना ब्लीचिंग पावडर लावून काय मिळतं? शेवाळ झाडाचा रस शोषत नाही. खोडावरच्या त्याच्या ओलाव्यात आमरीचं धुळीसारखं बी रुजायला जागा मिळते. शीळकरी कस्तुर पक्षी ओढ्याकाठच्या कपारीत घरटं बांधतो ते शेवाळ, मुळ्या आणि चिखल वापरून. ओलं शेवाळ काचेवर पिळून ते पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर आठ पायांचे, डुलत चालणारे जलअस्वल दिसण्याची शक्यता चांगली असते. शेवाळ सुकलं की तेही आक्रसून निपचित होतात आणि पाणी आलं की त्याच्याबरोबर जागे होतात.

डोंगरातून शेवाळाचे ताटवे उपटून आणणं मला अजिबात पटत नाही. उंचावरचं, धुक्यावर वाढलेलं शेवाळ समुद्रसपाटीच्या उकाड्यात टिकत नाही, आणि दरडीवरचा उघडा पडलेला भाग भरून यायला वर्षं जातात. ज्यांना अनेक जाती एका ठिकाणी पाहायच्या आहेत, त्यांनी नैनितालजवळच्या खुर्पातालला जावं; तिथे उत्तराखंडच्या वनविभागानं २०२० मध्ये देशातली पहिली शेवाळबाग खुली केली. आमरीसाठी दुकानात मिळणारं स्फॅग्नम शेवाळही दुरून येतं. कोकणात काथ्या आणि सोडण यांनी तेच काम होतं. दिवाळीच्या किल्ल्यावर मुलांना हिरवळ हवी असते. तेव्हा शेवाळ ओलं आणि हिरवं असतं. घराच्या भिंतीवरचे चार तुकडे द्यावेत आणि किल्ला मोडताना सावलीत, होते त्याच दगडावर परत दाबावेत.

आपल्याकडे या वनस्पतींच्या अभ्यासाचा पाया शिवराम कश्यप (१८८२–१९३४) यांनी लाहोरला घातला. हिमालय आणि पंजाबातल्या यकृतकांवरचा त्यांचा ग्रंथ १९२९ आणि १९३२ मध्ये दोन भागांत निघाला. महाराष्ट्रात जी. टी. दाभाडे यांचं खंडाळा आणि महाबळेश्वरच्या हरितांवरचं पुस्तक १९९८ चं. अभ्यासकांचे पाय आधी घाटमाथ्याकडे वळतात हे साहजिक आहे, कारण तिथे विविधता जास्त. पण घाटाखालच्या पट्ट्यातल्या गावांची यादी त्या त्या गावातल्या माणसानं करायला घेतली तर ती फार मोलाची ठरेल, आणि हे काम घरबसल्या होण्यासारखं आहे. शेवाळाला फुलझाडांसारखं दाबून चिकटवावं लागत नाही. नखाएवढा पुंजका, शक्यतो बोंडीसकट, सावलीत वाळवून कागदाच्या घडी घातलेल्या पाकिटात ठेवायचा. वर्षांनंतरही गरम पाण्याचा थेंब टाकला की पानं उलगडतात आणि जात तपासता येते. पाकिटावर गाव, तारीख, कशावर वाढलं होतं, झाड असेल तर कोणतं, बुंध्याच्या कोणत्या दिशेला आणि जमिनीपासून किती उंचीवर, एवढं लिहावं. सप्टेंबर ते डिसेंबर हा काळ त्यासाठी चांगला, कारण तेव्हा बोंड्या सापडतात. जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात अशी पाकिटं घेऊन जावं. ज्यांना नाव सांगता येणार नाही, ते निदान सूक्ष्मदर्शक तरी देतील.